गंगाबाईंची वाळकी नात

वैदेहीने गंगाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते ग्राहक आयोगाच्या जिन्यात, भांडताना. कुणा अनोळखी बाईने त्यांच्या कडेवरच्या नातीचा गाल धरून "काय गोंडस पोर हो!" एवढंच म्हटलं होतं.

"कसली गोंडस? डोळे तपासून घे गो! हाडं दिसतात हाडं!" असं म्हणत गंगाबाईंनी नातीच्या कपाळावरचा काजळाचा टिळा अंगठ्याने आणखी मोठा केला. तीन वर्षांची सानवी भोपळ्यासारखी वाटोळी होती. फणसपोळी चघळत ती शांतपणे ऐकत होती.

हीच आपली नवी अशील, हे कळल्यावर वैदेही वकिलीणबाईंना आधी हसू आलं, मग घाम फुटला.

कारण प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. सानवी दवाखान्यात आठव्या महिन्यातच जन्मली. आई तापाने दुसऱ्या खोलीत पडून होती. तिचं काढलेलं दूध गंगाबाईच चमच्याने थेंब थेंब पाजायच्या. पोरीने चांगली उभारी धरली. मग तिथेच डब्यातली दुधाची पावडर सुरू झाली आणि काही दिवसांत तिचं पोट फुगलं, आतडं सडायला लागलं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं म्हणून पोर वाचली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशा दुधाने आतड्याचा धोका वाढू शकतो, हे डब्यावर कुठेच नव्हतं. ते कंपनीला छापायला लावा, एवढंच गंगाबाईंचं मागणं. कंपनी म्हणत होती, मूल जन्मापासूनच दुखणाईत होतं. तो दवाखाना आता बंद पडला होता, डॉक्टर परराज्यात गेले होते. पोर आधी बरी होती हे सांगणारं एकच तोंड उरलं होतं आणि त्या तोंडाने उभ्या जन्मात कुठल्याच मुलाला बरं म्हटलेलं नव्हतं.

वैदेहीने ऑफिसात तालीम घेतली.

"मावशी, म्हणा, पोर चांगली होती."

"पोर..."

"चांगली होती."

"अगो बाय, दृष्ट लागेल!"

"दार लावलंय. कोणी ऐकत नाही."

"तू ऐकतेस ना!"

साक्षीच्या दिवशी कंपनीचे मुंबईचे वकील गोड हसत उठले. जिन्यातलं भांडण त्यांनीही ऐकलं होतं.

"आजी, पावडर देण्याआधी बाळ कसं होतं?"

गंगाबाईंनी नातीकडे पाहिलं, मग भरलेल्या खोलीकडे पाहिलं. एवढे डोळे!

"काय सांगायचं साहेब? उंदराचं पिल्लू. आज हाय, उद्या नाय."

"याची नोंद व्हावी," म्हणत वकीलसाहेब ऐटीत बसले. मुंबईहून रजा काढून आलेला गंगाबाईंचा मुलगा रितेश मागून ओरडला, "आये, बुडवलंस गो सगळं!" विठू शिपायाने त्याला गप्प केलं.

वैदेही उठली. काय विचारावं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तिची नजर मागच्या बाकाकडे गेली.

"मावशी, सानवी आता कशी आहे?"

"आता? काडी! वारा आला तर उडून जाईल."

सगळ्या माना मागे वळल्या. काडी बाकावर फतकल मारून बसली होती आणि विठूच्या डब्यातलं तिसरं घावन संपवत होती.

"जेवते का काही?"

"छे! वाऱ्यावर जगते."

अध्यक्षबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"आणि त्या पावडरीच्या आधी?"

"तेव्हाही अशीच. अगदी अशीच काडी."

खोलीत हशा फुटला. कंपनीचे वकील ताडकन उठले. "ही काय साक्ष आहे?" पण त्यांचं कोणाला ऐकूच जाईना.

हसू ओसरल्यावर वैदेहीने तालमीत नसलेला प्रश्न विचारला. "मावशी, पोट फुगलं त्या दिवशी काय म्हणालात?"

गंगाबाईंचा आवाज खाली आला. "त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, माझी पोर सोन्यासारखी हाय, हत्तीसारखी होईल. गाडीच्या ड्रायव्हरलाही सांगत होते, कोल्हापूर येईपर्यंत. दृष्ट लागायला काय उरलं होतं तिच्यात?"

विठूने डब्यातलं शेवटचं घावन सानवीच्या हातात दिलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "मी गुहागरची," त्या म्हणाल्या. "माझी आजी मला शेवटपर्यंत मेलेली चिमणी म्हणायची." एवढं बोलून त्या खुर्चीत सावरून बसल्या, तेव्हा खुर्ची कुरकुरली. "साक्ष मला पुरती कळली आहे. लिहून घ्या."

निकाल गंगाबाईंच्या बाजूने लागला. सूचना छापण्याचा हुकूम झाला. कंपनी अपिलात गेली आहे आणि ते अजून चालू आहे.

सानवी आता चार वर्षांची आहे. गंगाबाई तिला रोज सकाळी अंगणवाडीत पोचवतात आणि दारातूनच बाईंना सांगतात, "पोर काय खात नाय हो, खिचडी जरा जास्त वाढा."