जावयाची नवी आवृत्ती

माझ्या मावससासूबाईंचं बोईसरजवळच्या पाम गावात झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. त्यांचे यजमान गेल्यापासून घर त्यावरच चालतं. दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा झाला तेव्हा त्या नवा घ्यायला निघाल्या होत्या. मी बोईसरच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो आणि नको तिथे हात घालतो. मी त्यांना थांबवलं आणि जुन्यावरच विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. जगभरातली माणसं मिळून बनवतात, कुणीही फुकट घ्यावं, असं हे प्रकरण. कॉम्प्युटर धावायला लागला आणि मी हवेत गेलो.

मी वापरतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. ती आली की मी पेनड्राइव्ह खिशात घालून पामला हजर. एका आवृत्तीत खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं. पुढे प्रोग्रॅमची सगळी चित्रं पडद्याच्या डाव्या कडेला उभी राहिली. काही वर्षांनी बटण परत उजवीकडे आलं. या बदलांवरून इंटरनेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसत होते. पामला मात्र शांतता. मावशी म्हणायच्या, "बरं दिसतंय," आणि सुरमई तळायला घ्यायच्या. मी आमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर अभिमानाने लिहायचो की ग्रामीण भागात उत्तम स्वागत आहे.

गेल्या खेपेला मोठी आवृत्ती आली, वर्षानुवर्षं टिकणारी. जाणती माणसं तिची पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबतात. मी त्याच आठवड्यात सकाळी सकाळी ती मावशींच्या मशिनवर चढवली.

नेमका त्याच दिवशी एका कारखान्याला कामगार पुरवणारा ठेकेदार बदलला होता. पामला भाड्याने राहणाऱ्या सगळ्या कामगारांना छापील अर्ज आणि आधारच्या प्रती संध्याकाळच्या आत द्यायच्या होत्या. मुकादमाने त्यांना मावशींकडे पाठवलं. एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदाच आलं होतं, आणि समोर नुकतंच दुसरं दुकान उघडलेलं. अशा वेळी नव्या आवृत्तीने मावशींच्या जुन्या प्रिंटरला ओळखच दाखवली नाही.

"भैया, हो जाएगा क्या?" रांगेतल्या एका कामगाराने विचारलं.

"दो मिनट," मी म्हणालो. तासाभराने विचारलं तेव्हाही तेच म्हणालो. एकेक जण रस्ता ओलांडायला लागला. मावशींनी या सगळ्यात मला बशीसकट चहा आणून दिला. मी त्यांना धीर दिला, की दोन-तीन महिन्यांत याची दुरुस्ती येईलच.

त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. "जावय, एक सांगू? राग नाय ना येनार?"

"सांगा की."

"मला यातलं नवीन कायच नको होतं. तुमी आलात का आठवडाभर मी बटनं शोधत बसते. जावयाला नाय कसं बोलाचं, म्हनून मासे तलत होते."

इतक्या वर्षांचं उत्तम स्वागत माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. मी विचारलं, "मग आता काय करू?"

"जुना होता तो घाला. आनि आज तुमी जावय नाय, दुकानातला मानूस."

जुनी आवृत्ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती. ती चढेपर्यंत मावशी रस्त्यात उभ्या राहून, "वापस आव रे, मशीन सुधर गया," असं बेधडक खोटं बोलत होत्या. दुपारी प्रिंटर खरखरला आणि पहिला अर्ज बाहेर आला. तोवर निम्मे कामगार समोरच्याकडे गेले होते. उरलेले थांबले. कुणी प्रती लावून दिल्या, कुणी माझ्याकडे बघून हसलं.

संध्याकाळी मुकादम गठ्ठा न्यायला आला. एक अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाला, "मौसी, अगली बार टाइम पे चाहिए."

"मिलेगा," मावशी म्हणाल्या. म्हणजे पुढचं काम येणार होतं. मग मान वर न करता मला म्हणाल्या, "टाचन्या संपल्या. बाजारातनं आना जरा. आनि लवकर."

मी धावत गेलो.