निळा पट्टा आणि लेले बाई

लेले बाई सगळ्यात चांगली बाटली सगळ्यात शेवटी बघायच्या. मांडणीवर माशांच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या असत. त्यातली जिच्यात माशा मरगळलेल्या, अळ्या कमी, ती बाटली बाई आधी उचलायच्या. एखादा विद्यार्थी धावत येऊन ही बघा बाई, छान आलीय, असं म्हणाला की त्याला थांबवायच्या. "छान कुठं पळून जात नाही. आधी वाईट दाखवा."

मी त्यांच्या प्रयोगशाळेत माशांचा स्वयंपाक करायचो. घरी केळी पिकली की त्यावर घोंगावतात त्या बारक्या फळमाशा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट मोठ्या पातेल्यात शिजवायचं, घट्ट व्हायला आगर घालायचं, बाटल्यांत ओतायचं आणि वर कापसाचा बोळा. शाळा माझी चौथीपर्यंत. पण माझ्या हातच्या खाण्याला बुरशी धरली असं कुणी म्हणू शकणार नाही. धरली असेल तर ती चूक बोळा सैल लावणाऱ्याची.

बाई सदाशिव पेठेतल्या, एकट्या राहणाऱ्या, आम्हा सगळ्यांना अहोजाहो करणाऱ्या. माशांची खोली बारा महिने गार ठेवावी लागे, म्हणून अंगात बारा महिने स्वेटर. तो काढायचं भान राहायचं नाही आणि बाई भर मे महिन्यात तशाच बसमध्ये चढायच्या. एकदा कंडक्टरनं विचारलं, बाई, ताप आहे का? बाई म्हणाल्या, "मला नाही. तिकीट द्या."

त्यांचं काम काय, हे मला पहिली काही वर्षं कळलं नाही. मग मीच एकदा हटून बसलो की सांगितल्याशिवाय पातेलं चढवणार नाही. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खडकवासल्याचं पाणी सगळ्या पुण्याचं. मग सकाळी आमच्या पेठेत येतं आणि शेजारच्या पेठेत का येत नाही?" मी म्हटलं, चावीवाला सोडेल तिथं येणार. "तसंच हे," बाई म्हणाल्या. माशीच्या अंगात सगळीकडे जनुकं तीच. डोक्यातही तीच, पोटातही तीच. पण माशी अंड्यात वाढत असताना कुठलं जनुक कुठं चालू व्हायचं आणि कधी, हे त्याच्या पुढं बसलेला एक तुकडा ठरवतो. त्याला प्रमोटर म्हणतात. बाईंना एका जनुकाची अशी चावी शोधायची होती.

त्यासाठी त्या तो तुकडा काढून निळा रंग देणाऱ्या जनुकाच्या पुढं जोडायच्या आणि हे सगळं बारीक सुईनं माशीच्या अंड्यात टोचायच्या. माशा पांढऱ्या डोळ्यांच्या घ्यायच्या. तुकड्याबरोबर खुणेसाठी डोळे लाल करणारं जनुकही असे, म्हणून तुकडा आत बसला की पुढच्या पिढीत लाल डोळ्यांच्या माशा निघत. त्यांची अंडी रंगात घातली की चावी जिथं उघडते तिथं निळं दिसणार.

एका सकाळी दिसलं. अंड्याच्या बरोबर मध्यावर, शाईनं ओढावा तसा निळा पट्टा. तिथंच यायला हवा होता म्हणे. विभागाचे साहेब स्वतः खाली आले, पेढे आणले. प्राध्यापकाच्या जागेसाठी बाईंची मुलाखत तोंडावर आली होती आणि साहेब म्हणाले, आता मुलाखत नावापुरतीच. मी खराडीचा. तेव्हा तिथं शेतीच होती. संध्याकाळी पारावर बसून सगळ्यांना सांगितलं की आमच्या बाईंनी माशीची चावी काढली.

बाईंनी मात्र पेढा हातात धरला आणि विचारलं, बाकीच्या कुठं आहेत?

कारण तोच तुकडा त्यांनी आणखीही माशांत घातला होता, आणि तो प्रत्येकीत वेगळ्या जागी बसतो. त्या सगळ्यांची अंडी त्यांनी रंगवून घेतली. एकीत थोडं डोक्याशी निळं आलं. बाकी कोऱ्या. पट्टा फक्त त्या एकीतच. बाई दिवसभर ती अंडी पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, शिंदे, आपला नळ कोरडाच आहे. पाणी शेजारच्याचं येतंय. म्हणजे तो तुकडा जिथं जाऊन बसला, तिथल्या दुसऱ्याच कुठल्या चावीनं तो रंग उघडला होता.

साहेबांनी समजावलं. मुलाखत होऊ द्या, मग सावकाश तपासा. एक तर आलाय ना? बाई म्हणाल्या, "आलाय. पण बोलावला मी नाही." मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की तो पट्टा धरू नका. जागा दुसऱ्याला मिळाली.

मला राग आला. पारावर लोक विचारायचे, काय आण्णा, चावी हाय का हरवली? मी बाईंना तोंडावर विचारलं की तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं? बाई सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून डोकं वर न काढता म्हणाल्या, "मला. आणि रोज सकाळी दात घासताना माझी गाठ माझ्याशीच पडते, शिंदे." पण मी अजूनही म्हणतो, मुलाखत होऊ द्यायला हवी होती.

पुढची वर्षं त्यांनी त्याच कामात घातली. चावीचा काही भाग बाहेर राहिला असेल म्हणून तुकडा लांब घेतला, मग आणखी लांब. दर खेपेला टोचलेल्या अंड्यांतली बहुतेक मरत. नवे प्राध्यापक वरच्या मजल्यावर बसले. बाई खालीच राहिल्या. विद्यार्थी त्यांच्याकडे यायला कचरू लागले, कारण त्यांच्याकडे लवकर काही हाती लागत नाही असं झालं होतं. त्याचं बाईंना वाईट वाटत असेल.

निवृत्तीच्या वर्षी एका दुपारी मी पातेलं घासत होतो तर बाईंनी हाक मारली. दुर्बिणीसमोरची खुर्ची सोडून उभ्या राहिल्या आणि मला बसा म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. एकेक काच, प्रत्येकीवर वेगळ्या माशीची अंडी, त्या सरकवत गेल्या आणि मी डोळा लावून बघत गेलो. प्रत्येकीत पट्टा होता. फिका, जुन्या कापडावरच्या निळीसारखा, काही ठिकाणी नीट शोधल्यावर दिसणारा. पण एकही काच कोरी नव्हती.

मी खरं तेच बोललो. म्हटलं, बाई, त्या पहिल्या पट्ट्याची सर याला नाही.

"नाहीच," बाई म्हणाल्या. "पण हा बोलावल्यावर येतो."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारी त्यांचा आवाज जरा चढला होता, एवढं मला आठवतं. मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून मला परत खाली बसवलं, आणि पहिली काच पुन्हा लावली.