झुलालने वाचलेली चोपडी

रुपचंदशेठच्या कापसाच्या जिनात मजुरांपैकी अक्षर ओळखणारा झुलाल एकटाच. शिंदखेड्याकडचा, मराठी चार इयत्ता शिकलेला. कापसाच्या हंगामात तो जळगावला येई आणि मुकादमी करी. शेठ आपल्याला चारचौघांत ‘झुलालभाऊ’ म्हणतात, याचं त्याला फार अप्रूप होतं.

१९३४ च्या दिवाळीनंतर शेठनी त्याला एक छापील चोपडी दिली. त्यात कामगारांसाठी नियम होते.

“तुझ्या लोकांना त्यांच्या बोलीत समजव. सगळ्यांचे हातपाय शाबूत राहिले पाहिजेत,” शेठ म्हणाले.

झुलालला ते मनापासून पटलं. मागच्याच हंगामात त्यानं एकाचं बोट तुटताना पाहिलं होतं. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत सरकीच्या ढिगाशी बसून त्यानं एकेक नियम अहिराणीत सांगितला. सातवा तर दोनदा: सरकी काढणाऱ्या चालत्या रेच्यात हात घालायचा नाही, कापूस अडकला तर पट्टा उतरवून रेचा थांबवायचा. मग त्यानं चोपडीच्या शेवटी सगळ्यांचे अंगठे घेतले.

पौषात कापसाच्या गाड्यांची रांग लागली. भिकुबाई नावाच्या मजूरबाईनं अडकलेला रेचा थांबवला, तसे शेठ स्वतः आत आले. “पट्टे काढत बसलात तर गाड्या दुसऱ्या जिनात जातील. झुलालभाऊ, रेचे थांबता कामा नयेत.”

झुलालनं तेच सगळ्यांना सांगितलं. आठवडाभरात भिकुबाईचा उजवा हात मनगटापासून गेला.

नुकसानभरपाईचा अर्ज झुलालनंच तिला लिहून दिला. शेठ नाही म्हणणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. पण सुनावणीत शेठच्या वकिलानं चोपडी काढली आणि साक्षीला झुलाललाच उभं केलं.

“सातवा नियम तुम्ही हिला वाचून दाखवला?”

“हो. पण पुढं शेठनीच सांगितलं, रेचे थांबवू नका.”

शेठ शांतपणे उठले. “मी असं कधीच बोललो नाही. चोपडी मी छापून घेतली, मग मीच ती मोडायला सांगेन का?”

झुलालनं सुनावणीला आलेल्या जिनातल्या इतर बायांकडे पाहिलं. हंगाम अजून उरला होता. कोणी मान वर केली नाही. नियम माहीत असून जाणूनबुजून मोडला, असं ठरवून सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अर्ज फेटाळला.

बाहेर झुलालनं शेठना गाठलं. “तुम्ही म्हणाला होतात, चोपडी आमच्या हातापायांसाठी आहे.”

“वकिलानं करून दिली होती ती,” शेठ चप्पल घालत म्हणाले. “असा दावा आला तर कामी यावी म्हणून. तू चांगलं काम केलंस, झुलाल.”

तो तसाच मेहरूणला भिकुबाईच्या घरी गेला. दारात तिची लेक पीठ मळत होती. भिकुबाई बाजूला बसून होती, हात पदराखाली झाकलेला. शेठनी कसं फसवलं, ते झुलाल बराच वेळ सांगत राहिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“शेठले मी कोठे वळखू, भाऊ,” ती म्हणाली. “तू वाचीसन सांगं, म्हनीसन मी अंगठा दिधा.”

झुलालनं त्याच दिवशी जिन सोडला. पुढच्या हंगामात धुळ्याच्या एका जिनवाल्यानं लिहितावाचता येणारा म्हणून त्याला मुकादमी देऊ केली. झुलालनं आपल्याला वाचता येत नाही असं सांगितलं, आणि तो कापसाच्या गाठी उचलायला लागला.