सरांसारखा भूगोल

माझ्या नणंदेशी भांडून जिंकलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. भांडण भाजीतल्या तिखटावरून सुरू होवो की सुनेच्या माहेरावरून, ती ते हां हां म्हणता भूगोलावर आणून सोडते आणि तिथं तिला हरवणारं आमच्या घरात कोणी नाही. मी लग्न होऊन अंजनगाव सुर्जीला आले तेव्हा मिठाचा डबा कुठे आहे असं तिला विचारलं, तर उत्तर आलं, “ओट्याच्या ईशान्येले पाहा, वैनी.” नवी नवरी, पदर सावरत ईशान्य शोधत उभी! कौंडण्यपूरच्या जत्रेत आम्ही सगळे दर्शनाच्या रांगेत होतो, आणि ही वर्धेच्या काठी जेवायला बसलेल्या अनोळखी लोकांना उठवत होती. “नदी इथं वळते, हा काठ खचते. मांगं सरका.” ती माणसं बिचारी ताटं उचलून उठलीसुद्धा.

या सगळ्याचं मूळ म्हणजे तिचे शाळेतले भूगोलाचे सर. त्यांनी एकदा मैदानावर फक्कीने महाराष्ट्राचा नकाशा आखला, एकेका पोराला एकेका जिल्ह्यात उभं केलं आणि हिला अमरावतीत उभी करून म्हणाले, “हालू नको. तुह्या डोक्यावर सातपुडा आहे.” घंटा झाल्यावरही ही हलली नाही म्हणतात. तिथंच ठरलं, शिकवीन तर भूगोल. सर पुढे बदलून गेले, पण स्नेहसंमेलनातला त्यांचा फोटो हिने देवघराशेजारी लावला. एका दसऱ्याला सासूबाईंनी देवांच्या तसबिरींबरोबर त्यालाही झेंडूचा हार घातला. “जित्या माणसाले हार घालता काहून?” म्हणून हिने दिवसभर अन्नाला हात लावला नाही.

पण भूगोल काही मिळेना. बी.एड. झाल्यावर तासिका तत्त्वावर तिने इंग्रजी शिकवलं, कार्यानुभव शिकवला, एका शाळेत तर कवायतही घेतली. भूगोल मात्र जिथे जावं तिथे आधीच कोणाच्या तरी मेहुण्याकडे असायचा. वय चाळिशीला टेकलं. म्हणून गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्या अकोल्याच्या एका खाजगी शाळेने भूगोलाच्या जागेसाठी नमुना पाठ घ्यायला बोलावलं, तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलेना. ही संधी गेली की संपलं, हे तिलाही ठाऊक होतं. सोबत म्हणून मी गेले.

वर्गाबाहेरच्या बाकावर मी डबा मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून सगळं दिसत होतं. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका, संस्थेचे अध्यक्ष आणि विषयाचे जाणकार म्हणून बोलावलेले एक निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे पाहिलं आणि मी बाकावरून अर्धी उठलेच. आमच्या देवघराशेजारचा फोटो तिथं बसला होता, फक्त केस पांढरे झालेले.

आता, आमच्या या नणंदताईला शिकवता येतं ते एकाच प्रकारे, सरांसारखं. म्हणजे तंतोतंत सरांसारखं. ते बोलण्याआधी खाकरायचे म्हणून ही खाकरते. ते दोन्ही कोपरांनी पँट वर ओढायचे म्हणून ही साडी वर ओढते. ते चष्मा कपाळावर सरकवायचे. हिला चष्मा नाही, तरी ही कपाळावर काहीतरी सरकवते. घरी आम्ही हसून लोळायचो. तिथे मात्र हसण्यासारखं नव्हतं, कारण कोणालाही वाटावं, म्हाताऱ्याची नक्कल चालली आहे. ताईने सरांना पाहिलं, तिचा चेहरा उजळला आणि चेव चढल्यासारखी ती खाकरली. सवयीने मागून सरही खाकरले, अगदी तस्सेच. पोरं फिसकन हसली. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे कोणाकडून शिकल्या बाई?” सरांनी विचारलं.

“तुमच्याकडून, सर. अंजनगावात. नकाशावर अमरावतीत उभं केलं होतं तुमी मले.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. “नाही आठवत,” ते म्हणाले. “असो. आता माह्यासारखं नको. तुमच्यासारखं शिकवा.”

तिच्याकडे तिचं असं काही नव्हतंच. हात कमरेशी गेले आणि तसेच खाली आले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी डब्याची कडी घट्ट धरून मनातल्या मनात म्हणत होते, अगं बाई, घरी भांडतेस तशी तरी बोल!

“तुह्या घरात कोणती खोली जास्त तापते?” तिने एकदम पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

“सयपाकाची.”

“काहून?”

“तिकडून संध्याकाळचं ऊन येते.”

“आमची नाही तापत!” मागून दुसरी ओरडली, आणि लागलं भांडण. कोणाची खिडकी कुठे, झाड कुठे, ऊन कुठून. ताईने त्या मुलीचं घर फळ्यावर काढलं, मग तिची गल्ली, मग मोर्णा नदी, मग अख्खं अकोला. तेवढ्या वेळात ती एकदाही खाकरली नाही. मी मात्र घंटा होईपर्यंत डब्याची कडी सोडली नाही.

“सोमवारपासून या,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. ताई सरांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “नाव काय म्हणालात?”

परतीच्या एसटीत अकोट गेलं तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती. इतकं हवं होतं ते मिळूनही तिचा चेहरा उतरलेला पाहून मलाच भडभडून आलं. मी म्हटलं, “ताई, वय झालं त्यांचं. मनावर घेऊ नका.”

“नाही घेत, वैनी,” ती म्हणाली. “किती पोरं शिकवले असतीन त्यायनं, तवा विसरले. मलेबी एवढे पोरं भेटले पाहिजे, की म्हातारपणी मी कोणाले ओळखू नये.”

एवढं म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अंजनगाव येईपर्यंत रडली.