डिंभ्याच्या लग्नातली साळुबाई

घोडेगावच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. आता मोबाईलची कव्हरं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो असली किरकोळ कामं चालतात. पण एके काळी या पंचक्रोशीत पारसशेठच्या, म्हणजे माझ्या, शूटिंगशिवाय लग्नाला शोभा नव्हती. हातात हँडीकॅम, मागं लाइट धरायला एक माणूस, आणि तोंडाचा पट्टा चालू. गुरुजी अंतरपाट धरून माझ्याकडं बघायचे. ‘थांबा हो, कॅसेट बदलतोय,’ म्हटलं की मुहूर्तसुद्धा थांबायचा. असा माज होता राव! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना जीभ अडखळणार आहे.

दिवाळीनंतर मी दुकानाबाहेर बोर्ड लावला, ‘जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून मिळतील.’ आठवड्याभरात एक बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी. वारूळवाडीहून एसटी बदलत आल्या होत्या.

“वळखलं का भाऊ? मी डिंभ्याची तेजस्विनी. दोन हजार दोनच्या मे महिन्यात माझ्या लग्नाचं शूटिंग तुमीच केलं व्हतं.”

मी कसला ओळखतोय! शेकड्यानं नवऱ्या बघितल्या, मुंडावळ्या बांधल्या की सगळ्या सारख्याच. पण गिऱ्हाइकाला तसं म्हणायचं नसतं. “अरे वा, डिंभ्याच्या ताई! या, बसा ना,” म्हटलं.

त्यांनी पिशवीतनं मी तेव्हा दिलेली मोठी कॅसेट काढून दाखवली. बुरशीनं पांढरी पडली होती. मी हात पुढं केला, तर म्हणाल्या, “ही नको. हिच्यात नुसती गाणीच हायेत. आन माझी आई न्हाई.”

त्या काळची आमची रीतच तशी होती. शूटिंग छोट्या कॅसेटींवर करायचं, त्यातलं निवडक मोठ्या कॅसेटवर उतरवायचं आणि वरून गाणी टाकायची. लग्नातलं खरं बोलणं त्या छोट्या कॅसेटींतच राहायचं.

“तुमच्या मूळ कॅसेटींत असंल ना ओ आई? लांबून का हुईना. हिरवं लुगडं व्हतं तिच्या अंगावर, कपाळ मोकळं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वडील लहानपणीच गेले. आई साळुबाई, हिनं एकटीनं रान कसून पोरीला दहावीपर्यंत शिकवलं. लग्नात मात्र विधवेनं पुढं येऊ नये म्हणून कन्यादानाला चुलते भिमाजी आणि चुलती बसले. लग्नानंतर तीन वर्षांत साळुबाई काविळीनं गेल्या. मागं फोटो राहिला तो मतदान कार्डावरचा, त्यात तोंडाच्या जागी नुसता काळा डाग.

“विधींचं मी समजून घेतलं,” त्या म्हणाल्या. “पण पाठवणीलासुदिक ती पुढं आली न्हाई. सगळ्यांनी मला जवळ घेतलं, आन माझी आईच न्हाई! जीप हलंस्तवर वाट बघितली मी. लोकांना भिऊन मागं ऱ्हायली. लई राग आला व्हता भाऊ. कधी इचारलं न्हाई, आन मग ती गेलीच. आता मे मधी माझ्या पोरीचं लगीन हाय. तिला पाठवताना मला मनात आईचा राग नकोय. ती तवा कुठं व्हती, तेवढं एकदा बघायचंय.”

“ताई, तुमची आई काढून देतो. पारसचा शब्द!” मी छाती ठोकून सांगितलं.

खरं तर मूळ कॅसेटी आम्ही पुसून पुन्हा वापरायचो. पण डिंभ्याचं लग्न त्या हंगामातलं शेवटचं, आणि पुढच्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला, म्हणून त्या तीन कॅसेटी माळ्यावर तशाच राहिल्या होत्या. जुना हँडीकॅमही तिथंच होता. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून अडॅप्टरवर चालवला. कापसाला स्पिरिट लावून आतला हेड पुसला. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी काढून कॉम्प्युटरला जोडल्या. कॅसेट उतरवून घेताना पुढं पळवता येत नाही. तासाच्या कॅसेटीला तास द्यावाच लागतो. म्हणून दुपारी जेवण उरकून चहाचा कप घेऊन आरामात बसलो.

हळद चालू झाली आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला मांडवाच्या खांबाआड हिरवं लुगडं दिसलं. कडेवर पाण्याची कळशी, आणि नजर नवरीवर. सापडल्या की साळुबाई! मी खूश होऊन पुढं सरकलो, तेवढ्यात स्पीकरमधनं कुणीतरी वसकन ओरडलं, “ओ मावशी! बाजूला व्हा! पाणी वाढणाऱ्यांनी मागं थांबा. घरच्या माणसांची कॅसेट आहे ही!”

कोण हा उर्मट माणूस, म्हणून मी खरोखर चिडलो. मग ध्यानात आलं, हा मीच.

माइक कॅमेऱ्याला आणि कॅमेरा माझ्या तोंडाशी. त्यामुळं अख्ख्या लग्नात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. आतल्या खोलीतनं आई ओरडली, “पारस, कुणावर खेकसतोस रे?” माझी आई मंगलाबाई, ऐंशीला आलीय, पण कान तिखट आहेत.

“मी नाही गं, कॉम्प्युटर आहे!”

आई काठी टेकत आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. आता तिच्यादेखत बघणं आलं. पुढचे दोन-अडीच तास आम्ही मायलेक त्या हिरव्या लुगड्याच्या मागावर होतो. साळुबाई एकदाही बसलेल्या दिसल्या नाहीत. पत्रावळ्या मांडताहेत, व्याह्यांच्या पायावर पाणी घालताहेत, कुणाचं रडकं पोर खांद्यावर थोपटताहेत, आणि तोंड मात्र सारखं पोरीकडं. मंगलाष्टकांच्या वेळी त्या मांडवाच्या कडेला मूठभर अक्षता घेऊन उभ्या राहिल्या, हात वर केला, आणि मी खेकसलो, “ओ हिरवं लुगडं! हात खाली!” त्यांनी हात खाली घेतला. मूठ तशीच मिटलेली. ती पुढं उघडली का नाही ते कॅसेटीत नाही, कारण मी कॅमेरा वळवला होता.

“मुलीची आई ना रे ही?” माझ्या आईनं विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“डोळे आहेत मला,” ती म्हणाली. चहा केव्हाच गार झाला होता.

तिसऱ्या कॅसेटीत पाठवणी होती. जीप उभी, चुलती नवरीच्या गळ्यात पडून रडतेय. मी ह्याच बाईला नवरीची आई समजून मोठ्या कॅसेटीत तिच्या फोटोखाली ‘वधूमाता’ असं फुलाफुलांच्या अक्षरांत टाकलं होतं. तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत साळुबाई आल्या. पदरानं हात पुसत, जवळजवळ पळत. पोरीपासून चार पावलांवर असतील. आणि पडद्याच्या कडेनं माझा घड्याळ घातलेला हात आडवा आला.

“ओ बाई, कुठं मधी घुसताय! रडायचा सीन चाललाय. नवरीच्या आईला पुढं येऊ द्या!”

त्या थबकल्या. कॅमेऱ्याकडं बघितलं. सबंध तीन तासांत कॅमेऱ्याकडं बघितलं ते तेवढंच.

“बरं भाऊ. व्हते मी बाजूला. पोरीचं तेवढं चांगलं घ्या,” म्हणाल्या आणि मागं सरल्या.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीत बसून मला तोंड लपवावंसं वाटलं. आई बोलली असती तर बरं झालं असतं, दोन शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

आणि मग मी काय करावं? लाजेनं माणूस सुधारतो म्हणतात. मी आधी लबाडी केली. कॉम्प्युटरवर कापाकापी सोपी असते. माझं ओरडणं तिन्ही ठिकाणी कापलं. घड्याळाचा हात कापला. ‘बरं भाऊ’ हेसुद्धा कापलं, म्हणजे कोण भाऊ असा प्रश्न नको. आता साळुबाई येत होत्या, थांबत होत्या, ‘व्हते मी बाजूला, पोरीचं तेवढं चांगलं घ्या,’ म्हणत होत्या आणि जात होत्या. छान दिसत होतं. आई म्हणाली, “तुझं ओरडणं कुठं गेलं रे त्यातलं?” मी तिच्यावर डाफरलो, “तू आत जा बरं!”

चार दिवसांनी तेजस्विनीताई आल्या. मी खुर्ची दिली, पंखा लावला, प्ले दाबलं. साळुबाई दिसल्या आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. पडद्याला बोट लावलं. “आई गं! कशी वाळली व्हतीस,” म्हणाल्या. पाण्याची कळशी आली, पत्रावळ्या आल्या, त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, निभावलं.

पाठवणी आली. साळुबाई गर्दीतनं आल्या, ‘व्हते मी बाजूला’ म्हणाल्या आणि मागं फिरल्या.

ताईंचं रडू थांबलं.

“बघा,” त्या म्हणाल्या. “कुणी ढकललं न्हाई, काय न्हाई. सोताच म्हणली, व्हते बाजूला. चार पावलं न्हाई टाकता आली तिला माझ्यासाठी.” आवाज पार कोरडा झाला होता. पेनड्राइव्ह पिशवीत टाकून त्या उठल्या आणि मला हात जोडले. “उपकार झालं तुमचं. निदान कळलं तरी.”

हात जोडले हो मला! आतल्या दारात आई उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मेलेल्या बाईला मी दुसऱ्यांदा बाजूला केलं होतं, आणि तेही सगळं माहीत असताना.

“थांबा ताई,” मी म्हणालो. “बसा. हे खरं नाही. मी कापलंय.”

तिसरी कॅसेट हँडीकॅममध्ये घातली. बटण दाबलं आणि मान खाली घातली. माझा आवाज दुकानभर झाला. “नवरीच्या आईला पुढं येऊ द्या!” मग साळुबाईंचा. “बरं भाऊ. व्हते मी बाजूला. पोरीचं तेवढं चांगलं घ्या.”

“पुन्यांदा लावा,” ताई म्हणाल्या.

लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तेही लावलं. दर वेळी तो माणूस तसाच खेकसत होता आणि दर वेळी ती बाई पदराला हात पुसत पळत येत होती.

“आली व्हती,” ताई स्वतःशीच म्हणाल्या. “आली व्हती माझी आई. आन मी येडी...” त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. माझ्या आईनं येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी आपला वायरी गुंडाळत बसलो.

जरा वेळानं धीर करून म्हटलं, “ताई, माझं चुकलं. लई चुकलं. आता असं करतो, तुमच्या आईंचं सगळं बोलणं ठेवतो, फक्त माझा आवाज तेवढा...”

“नगं!” त्या एकदम म्हणाल्या. “एक अक्षर काढू नका. तुमचा आवाज काढला की माझी आई खोटी पडती.”

सगळंच्या सगळं, न कापलेलं, पेनड्राइव्हवर भरून दिलं. तिन्ही कॅसेटीही दिल्या. त्यांनी त्या रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवल्या. तोंड धुतलं, माझ्या आईच्या पाया पडल्या. माझ्याकडं बघितलंही नाही. पायरी उतरताना मात्र थांबल्या.

“तीन तास तुमच्या डोळ्यांम्होरं व्हती. ती आई हाय, ह्ये तुमाला खरंच कळलं न्हाई?”

“नाही कळलं.”

“इचारायचं तरी, भाऊ,” त्या म्हणाल्या. आवाज हुबेहूब साळुबाईंचा होता.