मूठभर हरभरे

दुष्काळाच्या साली कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ताकद यावी म्हणून आम्ही सोलापुरातल्या एका तालमीत वजनं उचलायला जायचो. गिरणी बंद पडलेला एक कामगार कोपऱ्यात बसून आमच्या चुका सांगायचा. एकदा मी त्याच्यापुढे आमचे भिजवलेले हरभरे धरले.

"मेहनत केल्याबिगर खुराकाला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला.

मग उठून त्यानं आमचाच बार मोठ्या कष्टानं डोक्यावर उचलला आणि आवाज न करता खाली ठेवला. मूठभर हरभरे घेतले, पण खाल्ले नाहीत, रुमालात बांधले.

"घरी दोन पोरं हायती की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दया म्हणून बारच्या वजनाच्या दोन चकत्या गुपचूप काढून ठेवल्या. उचलताच त्याला कळलं. बार हळूच ठेवून, रिकामा रुमाल झटकून तो गेला. तालमीत परत कधी दिसला नाही.