गोष्ट लपवणारं पत्र

कादंबरी लिहून झाली होती. अडलं होतं ते प्रकाशकाला आधी पाठवायच्या एका पानाच्या पत्रापाशी.

सेनगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. आठवीच्या पोरींच्या हातात पुस्तक ठेवलं की त्या विचारतात, "बाई, यात जादू हाय का? आन् प्रेम?" त्यांच्यासाठीच मी लिहायला बसले होते. बंजारा तांड्यावरची सोळा वर्षांची एक मुलगी आणि धरणात बुडालेल्या गावात अजूनही राहणारा एक मुलगा. उन्हाळ्यात पाणी उतरून त्या गावच्या देवळाचा कळस उघडा पडला, की तेवढेच दिवस तो काठावर येऊ शकतो. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडे बघताना ही गोष्ट मला सुचली होती.

पाच प्रकाशकांना पत्र पाठवलं. कुणाचंच उत्तर आलं नाही. नवरा म्हणाला, "पत्रातच काहीतरी गडबड असंल." मला मात्र वाटत होतं, गडबड त्यांच्याकडंच आहे. पत्र दाबून ठेवलं असेल आणि आत कुणीतरी माझी गोष्ट लिहीत बसलं असेल.

असं वाटायला कारण होतं. कॉलेजात असताना मी एका दिवाळी अंकाच्या संपादकाला कविता दिली होती. छापण्यासारखी नाही, असं त्यानं कळवलं. पुढच्या वर्षी चार शब्द बदलून तीच कविता त्याच्या अंकात दुसऱ्याच्या नावावर आली. तेव्हापासून कागद दुसऱ्याच्या हाती देताना माझी बोटं सुटत नाहीत. या कादंबरीची एक प्रत मी रजिस्टर टपालानं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली होती, तारखेच्या शिक्क्याचा पुरावा राहावा म्हणून. पोस्टमन म्हणाला, "पाठवणाऱ्या बी तुमीच आन् घेणाऱ्या बी तुमीच?" मी नुसती सही केली.

शाळेतल्या एका बाईंनी डोंगरकडा गावातल्या एका काकूंचं नाव काढलं. सगळी नोकरी त्यांनी शहरातल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढली होती आणि आता मुलाकडं राहायला आल्या होत्या. फोन केला तर त्या लगेच म्हणाल्या, "पत्र आणा, पहिली तीन प्रकरणं आणा. आणि शेवट काय आहे तेही सांगावं लागेल."

शेवट काहून पाहिजे यांना? मनात पहिला प्रश्न तोच आला.

रविवारी हिंगोलीला बस बदलून मी डोंगरकड्याला गेले. वाटेत ठरवून टाकलं की खरा शेवट सांगायचा नाही. काकूंनी मला ओसरीवर बसवलं, कागद घेतले आणि म्हणाल्या, "मी आत बसून वाचते. तुम्ही चहा घ्या." सून चहा ठेवून गेली. दाराच्या फटीतून मला आतलं दिसत होतं. काकूंनी माझं पान खिडकीशी धरलं आणि मोबाईलनं त्याचा फोटो काढला. मग दुसऱ्या पानाचा. मग तिसऱ्याचा.

चहा तोंडात तसाच राहिला. उठून कागद ओढून घ्यावेत असं वाटलं. पण वयानं एवढी मोठी बाई, परकं घर. मी बसून राहिले आणि मनात एकेक फोटो मोजत गेले.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. पत्र माझ्यासमोर ठेवलं. "यात तुमची आवड आहे, तुमचं शिक्षण आहे, तरुण पिढीवरचे संस्कार आहेत. आणि शेवटी लिहिलंय, 'कथानक तूर्त गुप्त ठेवत आहे.' अहो, मग त्यांनी काय वाचून तुम्हाला बोलवावं?"

"चोरी होते, काकू."

"कोरं पान कोण चोरतं?"

मग त्यांनी शेवट विचारला. मी ठरवलेलं खोटं सांगितलं, की मुलगा कायमचा पाण्याबाहेर येतो आणि दोघांचं लग्न होतं.

काकूंनी पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलं. "मग ती पोरगी पहिल्या प्रकरणापासून आजीच्या गोरमाटी बोलीतले शब्द वहीत काहून लिहून ठेवून राहिली? लग्नच व्हायचं असतं तर त्या वहीचं काय काम? हा शेवट तुमचा न्हाई."

पकडले गेल्याची लाज वाटली, पण त्याहून राग आला. मी सरळ विचारलं, "आन् तुमी फोटो काहून काढले?"

त्या पदरानं चष्मा पुसत हळू म्हणाल्या, "अक्षरं मधूनच पुसली जातात मला. कडा दिसतात, मधलं न्हाई. फोटो काढून बोटानं मोठा करते, तेव्हा वाचता येतं. सुनेलाही सांगितलेलं न्हाई अजून."

तरी माझा विश्वास बसला नाही. मी पत्र त्यांच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "ही ओळ वाचा." त्यांनी मान तिरकी केली, कागद जवळ नेला, लांब नेला. "तुमची... आवड..." एवढंच म्हणून थांबल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारणाऱ्या बाईला मी तिच्याच ओसरीवर परीक्षेला बसवलं होतं. मी कागद खाली घेतला.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता सांगता का खरा?"

मी सांगितला. ती मुलगी त्याच्यासोबत पाण्याखाली जाऊ शकते, पण खाली गेल्यावर ती आपली बोली विसरणार असते. शेवटी ती जात नाही. तो मात्र दर उन्हाळ्यात काठावर येऊन तिच्याकडून तिचे शब्द शिकत राहतो.

काकू म्हणाल्या, "हेच लिहा. पहिल्याच ओळीत."

दुपारभर आम्ही तेवढंच केलं. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. 'भावविश्व' गेलं, 'आगळीवेगळी' गेलं, माझ्या पदव्या एका ओळीत आल्या. नव्या पत्राची सुरुवात अशी झाली: 'ज्या मुलावर तिचा जीव जडला त्याच्या घरी जायचं, तर सोळा वर्षांच्या मुलीला आपली बोली विसरावी लागणार आहे.' एका ठिकाणी मी 'तांडा' काढून 'वस्ती' केलं, तर त्यांनी हात वर केला. "परत घाला. कोणासाठी काढलं?" मी परत घातलं.

परतीच्या बसमध्ये वाटलं, सगळे फोटो तर त्यांच्याकडंच आहेत. पुढं कितीतरी दिवस मी अंक चाळताना धरण, कळस, पाणी असे शब्द शोधत होते. काही सापडलं नाही.

नवं पत्र तीन ठिकाणी पाठवलं. एका प्रकाशकानं पंधरा दिवसांत पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि पुष्कळ महिन्यांनी, मधली दोन प्रकरणं कमी करायची अट घालून, होकार कळवला. कराराचा कागद आला तेव्हा मी तो तीनदा वाचला, नवऱ्याला वाचायला लावला आणि हिंगोलीतल्या एका वकिलालाही दाखवला. मग सही केली.